सगळी बटणं एका रेषेत

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून ठेवतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. आमच्या घरातून जी किंचाळी ऐकू यायची, ती माझ्या वाजवण्याची नव्हती. मी गिटार फार चांगली वाजवतो असं माझं म्हणणं नाही, पण इतकी वाईटही नाही हो! तरी तळमजल्यावरच्या नर्सकाकू अजूनही जिन्यात भेटल्या की "आता बरं आहे ना?" असं विचारतात, आणि ते माझ्या तब्येतीबद्दल नसतं.

याचं मूळ आमच्या इमारतीच्या वार्षिक कार्यक्रमात आहे. गेल्या वर्षी माझी बायको त्यात गायली. गळा तिचा खरोखर गोड आहे, हे मी नवरा म्हणून सांगत नाही. साथीला सेक्रेटरींच्या मोबाईलवर नुसतं संगीत लावलं होतं. गाणं ऐन रंगात आलं आणि मोबाईलवर सेक्रेटरींच्या दाताच्या डॉक्टरांचा फोन आला. "कवळी तयार आहे, घेऊन जा" हे वाक्य ध्वनिवर्धकातून सबंध सभागृहानं ऐकलं. लोक जे हसले ते हसलेच. बायकोनं हसतमुखानं गाणं पुरं केलं, घरी आली, कानातलं काढून ठेवलं आणि म्हणाली, "झालं. पुन्हा नाही." तिनं शब्द पाळला. कामं करताना ती सदा गुणगुणायची, तेही बंद झालं. एरवी मी तिला "जरा हळू, बातम्या ऐकतोय" असं म्हणत आलो होतो. आता बातम्या अगदी स्पष्ट ऐकू यायच्या आणि मला घर खायला उठायचं.

म्हणून या वर्षी मी छाती काढून म्हणालो, "मोबाईल गेला खड्ड्यात. मी वाजवतो, तू गा."

"तुम्ही वाजवणार असाल तर गाते," ती म्हणाली. "पण अहो, पुन्हा हसं झालं तर मात्र मला जन्मात कधी गा म्हणू नका."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं!

नुसती गिटार सभागृहात किडमिडी वाजते, असं वाद्यांच्या दुकानदाराचं मत पडलं. त्यानं मला तीन पेडलं दिली. पेडल म्हणजे पायानं दाबायची छोटी पेटी; आवाज एकीकडून आत जातो आणि नटूनथटून दुसरीकडून बाहेर येतो. एक पेडल आवाज घुमवतं, दुसरं मऊ करतं. तिसरं काय करतं हे मला अजून कळलेलं नाही, पण त्याच्यावरचा दिवा सुंदर आहे. बायकोचा आवाजही घुमावा म्हणून एक मिक्सर घेतला, स्वयंपाकघरातला नव्हे, आवाजाचा; वर एक स्पीकर. दुकानदार घरी येऊन सगळं जोडून गेला.

मी कचेरीत आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे, त्यामुळे ही व्यवस्था मला चटकन समजली. मिक्सर हे आमचं टेबल. पहिल्या रांगेतून गिटार आत येते, दुसरीतून बायकोचा माइक, तिसरी रिकामी. तिथून थोडा आवाज अभिप्रायासाठी पेडलांकडे जातो, आणि घुमून आलेला आवाज चौथ्या रांगेतून परत दाखल होतो. प्रत्येक रांगेला एक बटण: इथला किती आवाज पेडलांकडे पाठवायचा? दुकानदारानं सगळी बटणं मध्यावर, म्हणजे वर तोंड करून सरळ ठेवली आणि चौथ्या रांगेचं तेवढं डावीकडे पार शून्यावर नेलं. "हे असंच राहू द्या हं साहेब," तो म्हणाला. मी मान डोलावली. का, ते विचारलं नाही. आपण घेतलेल्या वस्तूबद्दल दुकानदाराला काही विचारणं मला कमीपणाचं वाटतं.

त्या संध्याकाळी बायको माइकपुढे उभी राहिली, दोन ओळी गायली, आवाज सुरेख घुमला. "बरं वाटतंय की," ती म्हणाली. माझी मान ताठ झाली ती दुसऱ्या संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्या संध्याकाळी मी मिक्सर चालू केला. गिटारला अजून हातही लावला नव्हता. आधी डासासारखी बारीक गुणगुण आली. मी इकडेतिकडे टाळी वाजवून डास शोधला. गुणगुण वाढली, तिची शीळ झाली आणि शिळेची अशी किंचाळी झाली की बायकोनं धावत येऊन प्लगच उपटला. पाठोपाठ दारात नर्सकाकू. "अहो, कोणाची किटली राहिलीय का शेगडीवर? मी माझी दोनदा बघून आले."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हाच प्रकार. मी वायरी बदलल्या. पेडलांची जागा बदलली. खोलीतली माझी जागा बदलली. शीळ आपल्या जागी पक्की.

आमच्या इमारतीत एखाद्याला सर्दी झाली तर औषध सांगायला माणसं रांग लावतात. ही तर शीळ होती. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट बनवल्या, त्यामुळे जगातला कुठलाही बिघाड ते लिफ्टच्या अंगानं बघतात. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले, शीळ ऐकली आणि म्हणाले, "अर्थिंग." पुढचे किती तरी दिवस मी लाकडी पाटावर उभा राहून गिटार वाजवत होतो. मग त्यांनी एक हिरवी वायर खिडकीतून खाली सोडली आणि बागेत गाडली. शीळ थांबली नाही, पण बागेचं काम बघणाऱ्या सेक्रेटरींनी माझ्याकडून खुलासा मागितला.

सेक्रेटरींचं स्वतःचं मत भिंतींबद्दल होतं. "आवाज आपटतो हो भिंतीवर. गादी लावा." गाद्या भिंतीला लावल्या. आम्ही जमिनीवर झोपलो. कचेरीतला माझा सहकारी म्हणाला, "स्पीकर कपाटात ठेव." ठेवला. मग कपाटच किंचाळायला लागलं आणि बायकोचे कपडे काढायचे तर आधी वीज बंद करावी लागे.

आता तुम्ही म्हणाल, या शहाण्यानं मिक्सरवरची बटणं का नाही बघितली? बघितली की! रोज बघत होतो. सगळी बटणं कशी छान, सरळ, एका रेषेत उभी. त्यांच्याकडे बघून कुठे काही गडबड असेल असं वाटतच नव्हतं. उलट साऱ्या घरात तेवढी एकच गोष्ट व्यवस्थित आहे, असं मला वाटायचं.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. अण्णांनी सगळी नोकरी रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे काढण्यात घालवली. सरळ रेषेवर त्यांचं जे प्रेम आहे ते माझ्यावरही नाही. घरात चप्पल तिरकी दिसली की ते ती सरळ करतात, मग ती पाहुण्याच्या पायात का असेना. आई गेल्यापासून घरातली धूळ हे खातं त्यांच्याकडे आहे. रोज सकाळी मी कचेरीला गेलो की ते फडकं घेऊन निघतात, ते दुपारपर्यंत. आणि त्यांना कोणी काही बोलायचं नाही, असा बायकोचा कायमचा हुकूम आहे. त्याला कारणही तसंच. मागे एकदा मी म्हणालो होतो, "अण्णा, टीव्हीच्या बटणांना हात लावू नका हो." बस्स! महिनाभर त्यांनी घरातल्या कशालाच हात लावला नाही. "तुझा पेपर आहे, वाचू का?" "तुझी खुर्ची आहे, बसलो तर चालेल?" पाणी पितानासुद्धा "तुझा पेला घेतो हं." तो महिना आठवला की अजूनही माझ्या घशाला कोरड पडते.

तर, शीळ ऐन भरात असताना अण्णा आत्याकडे राहायला गेले. त्याच संध्याकाळी इंजिनिअर आणि मी हट्टाला पेटलो. सगळ्या वायरी उपटल्या आणि माहितीपुस्तिकेतली चित्रं बघत पहिल्यापासून सगळं पुन्हा जोडलं, बटणंही चित्रात होती तशीच लावली. मिक्सर चालू केला. शांतता! मी गिटार छेडली. नुसती गिटार वाजली. इंजिनिअरांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

"हिरवी वायर," ते म्हणाले. "मातीत मुरायला वेळ लागतो."

ते दिवस फार चांगले गेले. संध्याकाळी आम्ही तालीम करायचो आणि एका सकाळी मी दाढी करत असताना स्वयंपाकघरातून गुणगुण ऐकू आली. आधी मला वाटलं डास, धस्स झालं. मग कळलं, बायको. मी तसाच साबण लावलेल्या गालांनी ऐकत उभा राहिलो आणि कचेरीला उशीर केला. शीळ गेल्याची बातमी इंजिनिअरांनी सगळ्या मजल्यांवर पोचवली. सेक्रेटरी म्हणाले, "उत्तम! पण तक्रारी दाखल आहेत. तपासणीशिवाय मला तुमचं नाव कार्यक्रमात घालता येणार नाही." त्यांनी 'विषय: शीळ' अशी फाईल उघडली होती. फाईलबद्दल मी काय बोलणार? माझं पोट तिच्यावरच चालतं.

तपासणी सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी ठरली. त्या दिवशी सकाळीच अण्णा परतले. "काय ही धूळ!" असं म्हणून त्यांनी पिशवी ठेवण्याआधी फडकं हातात घेतलं. बायको पाहुण्यांसाठी खुर्च्या मागायला शेजारी, मी बिस्किटं आणायला बाहेर.

संध्याकाळी तपासणी समिती, म्हणजे सेक्रेटरी, इंजिनिअर आणि नर्सकाकू, ओळीनं बसली. मी दोन शब्द बोललो. त्यात इंजिनिअरांचे आभार मानले आणि संगीताचं महत्त्व सांगितलं. मग मोठ्या रुबाबात मिक्सर चालू केला.

पुढचं काय सांगायचं! सेक्रेटरींचा चहा त्यांच्या स्वतःच्या फाईलवर सांडला. नर्सकाकूंनी कानात बोटं घालून "किटली! किटली!" असं म्हटलं, निव्वळ सवयीनं. इंजिनिअर धावले ते खिडकीकडे, हिरवी वायर कोणी तोडली का बघायला. किंचाळी थांबली तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "अहो, तक्रारीत तर ही बरीच सौम्य लिहिली होती." मी गयावया केली. शेवटी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सभागृहात एक अखेरची तपासणी आणि तिथे वाजली तर नाव कायमचं बाद, असा निर्णय झाला.

सगळे गेल्यावर बायकोनं माइकची वायर नीट गुंडाळली. "राहू द्या आता," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. रात्रीचं जेवण वाढताना घरात फक्त भांडी बोलत होती. अण्णा एकदा तिच्याकडे, एकदा ताटाकडे बघत गप्प जेवले. मी मात्र पुन्हा पुस्तिका घेऊन बसलो आणि चिडून सगळं चित्राबरहुकूम लावलं. शीळ नाही! म्हणजे समितीपुढेच वाजायची होती मेली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीला गेलो नाही. रजेच्या अर्जात 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं. अपमानासाठी आमच्याकडे वेगळी रजा नाही. तोंडावर पेपर टाकून मी बाहेरच्या खोलीत पडलो होतो. मी झोपलोय असं समजून अण्णा फडकं घेऊन आले. त्यांनी टेबल पुसलं, पेडलं पुसली. पुसता पुसता बायकोचं कार्यक्रमातलं गाणं गुणगुणत होते, अर्थात सगळ्या सुरांच्या शेजारून. मग मिक्सर. एकेक बटण पुसून ते बोटानं सरळ करत होते, आणि चौथ्या रांगेपाशी आले तेव्हा थबकले.

"च्च! हे एक परत पडलं बघ," ते स्वतःशीच म्हणाले आणि अगदी मायेनं त्यांनी ते बटण उभं केलं.

पेपरच्या कडेखालून बघणारे माझे डोळे विस्फारले. चौथी रांग म्हणजे पेडलांकडून परत आलेला आवाज. तिचं बटण उभं, म्हणजे परत आलेला आवाज पुन्हा पेडलांकडे! अहो, अभिप्राय घेऊन आलेली फाईल पुन्हा त्याच टेबलाकडे अभिप्रायासाठी पाठवली तर काय होतं, हे मला कोणी शिकवायला हवं का? ती फिरत राहते, दर फेरीला जाड होते, आणि शेवटी साहेब किंचाळतो. सगळी हयात आवक-जावकमध्ये काढून मला हे दिसू नये!

मी तोंड उघडून उठून बसलो. तेवढ्यात समोर दारात बायको. तिनंही सगळं बघितलं होतं आणि ओठांवर बोट ठेवलं होतं. अण्णा म्हणाले, "उठलास? पड अजून," आणि फडकं झटकायला गॅलरीत गेले.

स्वयंपाकघरात आमची कुजबुजती खडाजंगी झाली. "सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"खबरदार! त्यांची सगळी सकाळ त्या फडक्यावर जाते. ते काढून घेतलंत तर काय करतील ते?"

"मग तू गाणार कशी?"

"ते मला काय विचारता? वायरी तुमच्या, वडीलही तुमचे."

मी मिक्सरवर कापड झाकलं. अण्णांनी ते धुऊन, इस्त्री करून, घडी घालून बाजूला ठेवलं आणि बटणं उभी केली. मी मिक्सर पलंगाखाली सरकवला. "तिथे फार धूळ असते रे," असं म्हणत त्यांनी तो बाहेर काढला. रोज संध्याकाळी मी ते बटण पाडायचो, रोज सकाळी ते उभं करायचे. अखेर वैतागून मी एकदा ते इतक्या जोरात धरलं की त्याची टोपीच हातात आली. आत नुसती बारीक दांडी! मी दांडी शून्यावर फिरवली आणि टोपी वर तोंड करून पुन्हा बसवली. बाहेरून बटण सरळ, आतून शून्य. आयुष्यात मला सुचलेली ही एकमेव युक्ती, आणि ती कोणाला सांगायची सोय नाही! बायकोला तेवढी सांगितली. तिनं "बरं" म्हटलं, पण तिच्या तोंडून "बरं" म्हणजे पुष्कळ असतं.

कार्यक्रमाच्या सकाळी सभागृहातली तपासणी पार पडली. सेक्रेटरींनी कानात कापूस घालूनच तपासणी केली, तो भाग वेगळा. संध्याकाळी आमचं नाव पुकारलं. मी स्टुलावर बसलो, बायको माइकपुढे उभी राहिली. गेल्या वर्षी हसलेले सगळे समोर होते. काहींनी आताच ओठ दाबून धरले होते. आणि पहिल्या रांगेतून अण्णा उठले. खिशातून रुमाल काढत ते सावकाश रंगमंचाच्या पायऱ्या चढले.

त्यांनी मिक्सर पुसला. बटणांवरून नजर फिरवली. चौथ्यापाशी मान तिरकी केली. झालं! घाईत टोपी केसभर उजवीकडे कलती बसली होती. सभागृहात हे दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं, पण त्या डोळ्यांनी पूल काढले होते. त्यांनी ते डावीकडे सारायला बोट लावलं. बायकोनं माइक घट्ट धरला. बटण हललं नाही, कारण आतून ते डावीकडे टोकाला टेकलेलंच होतं. अण्णांनी पुन्हा हळूच दाबून पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, लावला. माझ्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. आणि बटण तसंच कलतं ठेवून रुमालाची घडी करत खाली उतरले.

बायको गायली. ती कशी गायली हे मला नीट सांगता येणार नाही, कारण माझं अर्धं लक्ष शिळेकडे होतं. पण शीळ आली नाही, कवळी आली नाही, कोणी हसलं नाही. शेवटच्या ओळीला नर्सकाकू रडत होत्या. मी दोनदा चुकलो, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि मला इतका आनंद झाला होता की त्याचं वाईटही वाटलं नाही. बाहेर पडताना इंजिनिअर प्रत्येकाला हिरव्या वायरीबद्दल सांगत होते.

घरी आल्यावर अण्णा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "टोपी काढून फिरवून बसवलीस ना?"

मी मान खाली घातली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं, अण्णा."

"वाटलं असतंच. रागावलोही असतो." त्यांनी खिशातला रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. "तू आत्याकडे फोन केला होतास तेव्हा मागे हिचं गाणं ऐकू येत होतं. मी आलो, आणि दुसऱ्या दिवसापासून घर गप्प. मला वाटत होतं, मी आलो म्हणून ती थांबली. आज कळलं, मी रोज उभं करत होतो ते बटण होतं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "काहीतरीच हं अण्णा!" आणि डोळे पुसत आत गेली.

त्या दुपारी भिंतीवरच्या गाद्या काढताना आईचा फोटो थोडा तिरका झाला होता. तो सरळ करायला अण्णांचा हात वर गेला आणि मध्येच थांबला. "राहू दे," ते म्हणाले. "कुठे काय जोडलेलं असेल, सांगता येत नाही."

सकाळी मी उठलो तेव्हा ते फडकं घेऊन त्या फोटोसमोरच उभे होते. स्वयंपाकघरातून बायकोचं गाणं येत होतं. अण्णांनी एका बोटानं फोटोचा कोपरा किंचित वर उचलला आणि कान देऊन थांबले. गाणं चालूच होतं. मग त्यांनी फोटो बिनधास्त सरळ केला.